हुकमाला सैनिक, हिशेबाला शिकाऊ

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका वृत्तपत्रीय बातमीची आपण होऊन दखल घेतली. लष्करी प्रशिक्षण घेताना जायबंदी होऊन घरी परतलेल्या अधिकारी-छात्रांची ती बातमी होती. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, डेहराडूनची भारतीय सैनिकी अकादमी आणि अशाच इतर संस्थांतून १९८५ पासून सुमारे ५०० तरुण वैद्यकीय कारणास्तव बाहेर काढले गेले, असा आकडा तीत दिला होता. एकट्या खडकवासल्यातून २०२१ ते जुलै २०२५ या काळात असे सुमारे २० तरुण बाहेर पडले. यांपैकी कोणालाही अधिकारपद मिळालेले नव्हते. म्हणून नियमाच्या भाषेत ते ‘माजी सैनिक’ ठरत नव्हते. माजी सैनिक नाहीत, म्हणून अधिकाऱ्याचे अपंगत्व-निवृत्तिवेतन नाही आणि माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत प्रवेशही नाही. त्यांच्या वाट्याला येत होते ते महिना जास्तीत जास्त सुमारे ४० हजारांचे सानुग्रह अनुदान. न्यायालयाने विचारणा करताच त्याच महिन्याच्या अखेरीस संरक्षण मंत्रालयाने आरोग्य योजनेचे दार या तरुणांना उघडून दिले. चाळीस वर्षे जे जमत नव्हते ते पंधरवड्यात जमले. यावरून अडचण तिजोरीची नव्हती, इच्छेची होती, हे उघड होते.

या घटनेने समाधान मानून प्रश्न मिटला असे समजणे मात्र चुकीचे ठरेल. औषधोपचार मिळणे ही एक गोष्ट. हक्क मान्य होणे ही दुसरी. ‘सानुग्रह’ या शब्दातच अनुग्रह आहे, म्हणजे देणाऱ्याची मेहरबानी आहे. राज्याच्या हुकमावरून, राज्याच्या मैदानावर, राज्याने नेमलेल्या उस्तादासमोर ज्याचा कणा मोडला, त्याला राज्याने मेहरबानी म्हणून काही द्यावे, हा विचारच मुळात दुरुस्त करावयास हवा.

शिवाय ही झाली अधिकारी-छात्रांची कथा. त्यांचे पालक बहुधा शिकलेले, शहरांतले. त्यांचे दुःख इंग्रजी वृत्तपत्रापर्यंत पोहोचू शकले. साध्या शिपायाच्या भरतीत निवडला गेलेला शेतकऱ्याचा मुलगा तेथवर पोहोचत नाही. सातारा, सांगली, कोल्हापूर, बुलढाणा या जिल्ह्यांतील गावोगावच्या रस्त्यांवर पहाटे चारपासून धावण्याचा सराव करणारी ही मुले. भरतीनंतर ती बेळगावच्या मराठा पलटणीच्या केंद्रात, नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रात, खडकीच्या सॅपर्समध्ये किंवा अहिल्यानगरच्या छावणीत दाखल होतात. रोजच्या धावपळीने नडगीच्या हाडाला चीर पडणे, अडथळ्यांवरून उडी घेताना गुडघ्याचा अस्थिबंध तुटणे, उन्हाच्या तडाख्याने कोसळणे हे तेथे नवलाचे नाही. नवलाचे आहे ते त्यानंतर जे घडते ते.

घरी पाठविण्याच्या दोन वाटा

१९५० च्या लष्कर कायद्याखाली १९५४ साली नियम करण्यात आले. त्यांतील १३ वा नियम सेवामुक्तीचा आहे. भरती झालेला तरुण प्रशिक्षण पुरे करून शपथ घेतो, ज्याला छावणीत ‘कसम परेड’ म्हणतात, तोपर्यंत त्याचे स्थान अगदी कच्चे असते. शपथ न झालेल्या रिक्रूटाला ‘कार्यक्षम सैनिक होण्याची शक्यता नाही’ एवढ्या शेऱ्यावर घरी पाठविता येते. दुसरी वाट वैद्यकीय मंडळाची. मंडळ त्याला तपासते, अपंगत्व किती टक्के ते ठरवते आणि ते सेवेमुळे उद्भवले किंवा सेवेमुळे बळावले काय, यावर मत नोंदवते.

कागदावर या दोन वाटांत फारसा फरक दिसत नाही; दोन्हींच्या शेवटी मुलगा ट्रंक घेऊन एस. टी. स्थानकावर उतरतो. पण फरक जमीन-अस्मानाचा आहे. वैद्यकीय मंडळापुढून आलेल्याला अपंगत्व-निवृत्तिवेतन मागता येते आणि त्यासाठी किमान सेवेची अट नाही. नुसत्या ‘अकार्यक्षम’ शेऱ्यावर आलेल्याच्या हाती असे काही उरत नाही. आता ज्याच्या नडगीला चीर पडली तो धावण्यात मागे पडणारच. मागे पडला की त्याला मागच्या तुकडीत टाकले जाणार. तेथेही तो पुरा पडला नाही की त्याच्यावर अकार्यक्षमतेचा शिक्का बसणार. दुखापत कारण आहे आणि अकार्यक्षमता परिणाम. नोंदीत परिणाम तेवढा राहिला आणि कारण गळाले, तर मुलाचा हक्कही त्याबरोबर गळतो. एका ज्युनियर कमिशन्ड ऑफिसरच्या प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले होते की, प्रकृतीच्या कारणावरून सैनिकाला सेवेतून काढावयाचे तर वैद्यकीय मंडळाला बगल देता येणार नाही. ज्येष्ठाला लागू झालेला हा न्याय सर्वांत कनिष्ठाला तर अधिकच लागू व्हावयास हवा.

सिद्ध कोणी करावयाचे?

भरतीच्या वेळी या मुलांची छाती मोजली जाते, डोळे, कान, दात, पायाचे तळवे तपासले जातात. थोडा दोष आढळला तरी परत पाठविले जाते. अशा चाळणीतून सरकारी डॉक्टरने ज्याला ‘तंदुरुस्त’ ठरविले, त्याच्यात सहा महिन्यांनी दोष आढळला तर तो कोठून आला, याचे उत्तर कोणी द्यावे? १९८२ च्या नियमावलीने याचे सरळ उत्तर दिले होते. भरतीच्या वेळी दोषाची नोंद नसेल तर तो तरुण निरोगी होता असे धरावे, सिद्ध करण्याचा बोजा त्याच्यावर टाकू नये आणि संशयाचा फायदा त्याला द्यावा. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली हेच तत्त्व ठामपणे मांडले. २०१४ साली त्याने आणखी पुढे जाऊन सांगितले की, ज्या अपंगत्वामुळे सेवेतून काढले ते २० टक्क्यांहून कमी मानता येणार नाही. ते तसे किरकोळ असते तर काढले कशाला? २०१५ मध्ये या भूमिकेला पुन्हा दुजोरा मिळाला.

एवढे झाल्यावर शासनाने शहाणे व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात २००८ च्या सुधारित नियमांत सैनिकाच्या बाजूचे गृहीतक पूर्वीइतके स्वच्छ उरले नव्हते, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये पुन्हा नवे नियम आले. दुसरीकडे, न्यायाधिकरणात जिंकलेल्या अपंग सैनिकांविरुद्ध वरच्या न्यायालयात जाण्याचा सपाटा चालूच राहिला. २०१५ साली संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी नेमलेल्या तज्ज्ञ समितीनेही मंत्रालयाने ही कज्जेदलाली आवरावी, असाच सूर लावला होता. सरकारनेच नेमलेल्या समितीचे सरकारने ऐकले नाही.

अपिलाची रचनाही पाहण्यासारखी आहे. पहिले अपील आणि दुसरे अपील दोन्ही लष्कर-मंत्रालयाच्या समित्यांपुढेच करावयाचे. म्हणजे ज्या घराने काढले त्याच घराच्या ओसरीवर न्याय मागावयाचा. त्यानंतर येते सशस्त्र दल न्यायाधिकरण. ते २००७ च्या कायद्याने स्थापन झाले खरे, पण प्रशासकीय दृष्ट्या तेही संरक्षण मंत्रालयाच्याच छत्राखाली आहे. महाराष्ट्रातील मुलासाठी त्याचे खंडपीठ मुंबईत. बुलढाण्याच्या गावातून काठीच्या आधाराने निघालेल्या तरुणाला मुंबईची तारीख म्हणजे काय, हे सांगावयास नको. अपिलाचा हक्क दिला असे म्हणावयाचे आणि तो बजावण्याची शक्ती ज्याच्यापाशी नाही त्याच्याच हाती तो ठेवावयाचा, ही शासनयंत्रणेची जुनी रीत येथेही दिसते.

कारखान्यातला उमेदवार आणि छावणीतला

कामगार चळवळीला या प्रश्नाचे मर्म चटकन उमगावे. कामावर असताना आणि कामामुळे झालेल्या इजेची भरपाई मालकाने द्यावी, हे तत्त्व १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने या देशात रुजविले. नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत तो कायदा सामावला असला, तरी तत्त्व कायम आहे. ‘तो तर अजून शिकाऊ आहे’ ही सबबही कारखानदाराला उपलब्ध नाही. कारण १९६१ च्या उमेदवारी कायद्याच्या १६ व्या कलमाने शिकत असताना जखमी झालेल्या उमेदवारालाही भरपाईचा हक्क दिला आहे. लेथवर हात शिकताना बोट गेले तर मालक जबाबदार.

१९२३ च्या कायद्याने सैनिकाला मात्र आपल्या व्याख्येबाहेर ठेवले. सैनिकांसाठी निवृत्तिवेतनाचे स्वतंत्र व अधिक उदार नियम आहेत, हे त्यामागील समर्थन. ते मान्य केले तर त्यातून एकच निष्कर्ष निघतो: ते नियम कारखान्यातील उमेदवाराच्या हक्कापेक्षा कमी भरता कामा नयेत. प्रत्यक्षात अधिकारी-छात्राला सांगितले जाते की तू अजून सैनिक नाहीस. म्हणजे कारखान्याच्या कायद्याला तो सैनिकी पेशातला आणि सैनिकी नियमाला तो विद्यार्थी. हुकूम पाळावयाच्या वेळी सैनिक, हिशेबाच्या वेळी शिकाऊ!

दिव्यांगांच्या हक्कांसाठी २०१६ साली झालेल्या कायद्याचीही हीच गत. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेने काढू नये, पर्यायी काम द्यावे, असे त्याचे २० वे कलम सांगते. ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेने लढाऊ सैनिकांना त्यातून वगळले. कचेरीतील कारकुनाचा पाय गेला तर त्याची खुर्ची सुरक्षित. जवानाचा गेला तर त्याला घरचा रस्ता.

जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेने या प्रश्नाला नवी धार आणली आहे. अग्निवीर अवघ्या चार वर्षांचा सैनिक. सेवेमुळे अपंगत्व आल्यास टक्केवारीनुसार १५, २५ किंवा ४४ लाख रुपये एकरकमी मिळतात; आयुष्यभराचे निवृत्तिवेतन नाही. विशीतल्या मुलापुढे चाळीस वर्षांचे कष्टाचे आयुष्य असते. घरावरचे कर्ज, बहिणीचे लग्न आणि शस्त्रक्रियेचा खर्च यांत एकरकमी पैसा किती दिवस पुरतो, हे ग्रामीण महाराष्ट्राला ठाऊक आहे. तीही रक्कम ‘सेवेमुळे’ या एका शब्दावर अवलंबून. म्हणजे पुन्हा तेच मंडळ, तीच नोंद, तेच अपील.

आक्षेप आणि उत्तर

यावर असे म्हटले जाईल की, सवलती वाढविल्या तर मुले दुखण्याचे सोंग घेतील आणि प्रशिक्षण ढिले पडेल. पहिला आक्षेप लष्करी डॉक्टरांच्या योग्यतेवरच अविश्वास दाखवितो. सोंग ओळखणे त्यांना कठीण नाही. दुसऱ्यात थोडे तथ्य आहे, पण ते नेमके उलट्या बाजूचे. प्रशिक्षण कठोर असलेच पाहिजे. युद्धात कोणी सवलत देत नाही. मात्र कठोर प्रशिक्षणात काही मुले मोडणार, हे जर आधीच ठाऊक आहे, तर त्यांचा भार देशाने उचलावा, एका कोरडवाहू कुटुंबाने नव्हे. नालायकाला पलटणीत ठेवा, अशी कोणाची मागणी नाही. आणि खर्चाचे म्हणाल, तर चाळीस वर्षांत ५०० छात्र हा आकडा संरक्षण खात्याच्या अंदाजपत्रकात शोधूनही सापडणार नाही.

मागण्या स्पष्ट आहेत. पहिल्या दिवसापासून प्रत्येक प्रशिक्षणार्थी, मग तो छात्र असो, रिक्रूट असो वा अग्निवीर, अपंगत्वाच्या बाबतीत सैनिक मानला जावा. दुखापतीची नोंद असलेल्या कोणालाही वैद्यकीय मंडळाशिवाय ‘अकार्यक्षम’ म्हणून काढू नये. सेवामुक्तीच्या दिवशीच सर्व वैद्यकीय कागदांची प्रत आणि अपिलाची माहिती त्याच्या भाषेत त्याच्या हाती द्यावी. लढाऊ कामाला निरुपयोगी ठरलेल्याला संरक्षण खात्याच्या नागरी आस्थापनांत काम द्यावे.

या मागण्या मान्य होईपर्यंत कार्यकर्त्यांना स्वस्थ बसता येणार नाही. तालुक्यात असा मुलगा परत आला असेल तर त्याच्या घरी जाणे हे पहिले काम. लाजेपोटी ही घरे गप्प बसतात; गावाने सत्कार केलेला मुलगा परत आला हे सांगावयास जीभ रेटत नाही. त्याचा सेवामुक्तीचा आदेश, वैद्यकीय मंडळाचे कामकाज, इस्पितळाची कागदपत्रे आणि दुखापतीचा अहवाल मिळवावा. न दिल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागावा. त्याच्याबरोबर तुकडीत असलेल्या मुलांची पत्रे गोळा करावीत. पहिले अपील सहा महिन्यांच्या आत जावे. मुदत टळली असली तरी निराश होऊ नये. अपंगत्व-निवृत्तिवेतनाचा हक्क उशिरानेही मागता येतो. मात्र थकबाकी साधारणतः मागील तीन वर्षांचीच मिळते, म्हणून प्रत्येक महिन्याची दिरंगाई पदरमोड करणारी आहे. वकिलाचा खर्च हीही सबब नको. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार अपंग व्यक्तीला मोफत कायदेशीर साहाय्याचा हक्क आहे आणि त्याचे कार्यालय जिल्हा न्यायालयातच असते.

सीमेवर पडलेल्या जवानाच्या नावाने चौक उभे राहतात, आणि ते योग्यच आहे. पण सीमेवर पोहोचण्याआधीच छावणीच्या मैदानात जो पडला, त्यानेही आपले शरीर याच देशाच्या हवाली केले होते. ते मोडून परत देताना देशाने निदान हिशेब चुकता करावा, एवढेच मागणे आहे.