बँकरोल, नेटवर्क आणि मेसचं बिल

हॉस्टेलात जेवणानंतर पत्ते पडणं ही काही नवी गोष्ट नाही. मेंढीकोट खेळून कितीतरी बॅचेस इंजिनीअर झाल्या! पण पत्ते मोबाइलवर आले, पैसे यूपीआयवर गेले आणि सगळा हिशोबच बदलला. 'पोकर म्हणजे जुगार नव्हे, स्किल आहे' असं छातीठोकपणे सांगणारा प्रत्येक विंगमध्ये एक तरी असतोच. स्किल आहे, मान्य. मग थोडं गणित करू.

मुरलेले खेळाडू सांगतात, एका टेबलावर आपल्या बँकरोलच्या पाच टक्क्यांहून जास्त लावू नये. म्हणजे ५०० रुपयांच्या टेबलासाठी १०,००० बाजूला हवेत, आणि तेही असे की बुडाले तरी झोप उडू नये. आपल्याजवळ असे पैसे असतात का? आपल्याजवळ असतं मेसचं बिल आणि परीक्षेची फी! समजा दोघे अगदी तुल्यबळ आहेत, एकाकडे २,००० आणि दुसऱ्याकडे १८,०००. एकाचा खिसा रिकामा होईपर्यंत समान पैजेवर खेळले, तर दोन हजारवाला कंगाल होण्याची शक्यता ९० टक्के. शिवाय साइट दर पॉटमधून आपला रेक कापते, तो वेगळाच.

दुसरी भानगड नेटवर्कची. कनेक्शन गेलं तरी टेबल थांबत नाही. घड्याळ संपलं की हात फोल्ड, लावलेले पैसे पॉटमध्ये. पूर्वी काही साइट्स लाइन तुटलेल्याला 'ऑल-इन' धरून सांभाळून घेत. लोक मुद्दाम वायर उपटू लागले आणि ती सवलत गेली. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड बिघडून मुंबईची वीज गेली, लोकलसुद्धा जागच्या जागी थांबल्या. तिथे चौथ्या मजल्यावरच्या राउटरचं काय घेऊन बसलात?

आता तर कनेक्शन दुसऱ्या टोकानेही तुटू शकतं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले, स्किल असो वा नशीब. शिक्षा खेळवणाऱ्याला आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. देशातल्या मोठ्या कंपन्यांनी टेबलं गुंडाळली. उरल्या परदेशी साइट्स. उद्या तिथे पैसे अडकले तर तक्रार कोणाकडे करणार? ज्या पेटीची किल्ली आपल्याकडे नाही, तिला बँकरोल कसं म्हणायचं?

रेक्टर सरांनाही एक विनंती. नुसतं वाय-फायवर ब्लॉक टाकून भागणार नाही. मुंबईत एके काळी न्यूयॉर्कच्या कापसाच्या दरांवर आकडा लागे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते दर येणं बंद झालं. जुगार थांबला? छे, मटका आला! बंदीने खेळ थांबत नाही, लपतो. आणि लपलेल्या खेळात हरलेला मुलगा कोणाजवळ बोलत नाही, आधी मित्रांकडून उधार घेतो, मग लोन ॲपकडे वळतो. 'सर, फीचे पैसे गेले' असं न घाबरता सांगता येईल असं एक दार हॉस्टेलात उघडं हवं.

आणि खेळायचंच असेल तर कॉमन रूममध्ये बसा, काडेपेटीच्या काड्या लावा. ब्लफ तोच, प्रोबॅबिलिटी तीच, समोरच्याचा चेहराही दिसतो. नेट गेलं तरी डाव चालू राहतो, आणि सगळ्या काड्या हरलात तरी सकाळी मेसमध्ये पोहे मिळतात!