सरवा वेचणाऱ्यांचा इतिहास

इतिहासाच्या तासाला कृषी क्रांती आली की मुलांच्या वह्यांत नावं उतरतात. जेथ्रो टलने 1701 मध्ये पेरणी यंत्र केलं, टाउनशेंडने सलगम रुजवला, बेकवेलने मेंढ्यांची जात सुधारली. धान्य वाढलं, लोकसंख्या वाढली, कारखान्यांना मजूर मिळाले, प्रकरण संपलं. बीड जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळेत मी हा विषय वर्षानुवर्षं शिकवला. यातली अर्धी हकिगत मुलांपर्यंत पोचतच नाही, आणि न पोचणारी अर्धीच आमच्या जिल्ह्याच्या जास्त कामाची आहे, असं माझं ठाम मत आहे.

आधी जे खरोखर मोठं घडलं ते सांगते. इंग्लंडच्या जुन्या पद्धतीत बऱ्याच गावांत तिसरा हिस्सा जमीन दर वर्षी पड ठेवत, कस भरून यावा म्हणून. नॉरफोकच्या शेतकऱ्यांनी गहू, सलगम, बार्ली आणि क्लोव्हर असा चार वर्षांचा फेर बसवला आणि पड ठेवण्याची गरजच संपवली. क्लोव्हर हे द्विदल पीक. हरभऱ्याचा बेवड पुढच्या पिकाला मानवतो हे ज्याच्या घरात माहीत आहे, त्याला यातली किल्ली समजावून सांगावी लागत नाही. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात हे शास्त्रज्ञांनी 1880 च्या दशकात सिद्ध केलं. शेतकरी त्याच्या कितीतरी आधीपासून त्याचं फळ खात होते. सलगमामुळे हिवाळ्यात चारा मिळाला. मेंढ्या थेट सलगमाच्या रानात सोडायच्या, म्हणजे खाणं तिथंच आणि लेंडीखतही तिथंच. आपल्याकडे धनगर शेतात मेंढरं बसवतात, तसंच हे. इंग्लंड-वेल्सची लोकसंख्या 1750 च्या सुमाराला 60-65 लाख होती, 1851 च्या जनगणनेत ती 1 कोटी 79 लाख भरली. एवढी तोंडं पोसण्यात या साध्या फेरपालटाचा वाटा फार मोठा आहे.

त्यामानाने टलच्या यंत्राचा बोलबाला जास्त आणि प्रसार कमी. ते सर्रास वापरात यायला एकोणिसावं शतक उजाडलं. आणि पाभर, तिफण हाकणाऱ्या आपल्या मुलांना ओळीत पेरणी हा युरोपचा शोध म्हणून शिकवावा, हे मला कधीच पटलं नाही. 1795 च्या सुमाराला कॅप्टन थॉमस हॅलकॉट या इंग्रज अधिकाऱ्याने दक्षिण भारतात अशी पेरणी पाहिली आणि तिचं वर्णन ब्रिटनच्या कृषी मंडळाला कळवलं. हे पाठ्यपुस्तकात का नसावं?

आता राहिलेली हकिगत. वाढलेलं पीक कुणाच्या घरात जाणार, हे क्लोव्हरने ठरवलं नाही. ते संसदेतल्या कायद्यांनी ठरवलं. 1604 ते 1914 या काळात सामाईक रानं आणि खुली शेतं कुंपणात घालणारे 5,200 हून जास्त कायदे झाले. त्यात सुमारे 68 लाख एकर, म्हणजे इंग्लंडच्या एक पंचमांशाहून थोडी जास्त जमीन गेली. त्यांतले बहुतेक कायदे 1750 नंतरच्या शंभरेक वर्षांतले. ज्याच्याकडे जमिनीचा कागद त्याला वाटा मिळाला. ज्याची एक गाय गावच्या रानात चरायची, ज्याचं सरपण तिथून यायचं, त्याच्याकडे कागद कुठला? लहान खातेदाराला वाटा मिळाला तरी कुंपणाचा खर्च झेपेना, म्हणून कित्येकांनी जमीन विकली. गायरानांवरचे खटले ज्यांनी जवळून पाहिलेत, त्यांना हा प्रकार नवा वाटणार नाही. आर्थर यंग हा या कुंपणांचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता. गावोगाव फिरल्यावर 1801 मध्ये त्यालाही लिहावं लागलं, की बहुतेक ठिकाणी गरिबांचं नुकसानच झालं.

सगळ्यांत जास्त मला सरव्याची गोष्ट लागते. कापणीनंतर रानात पडलेली कणसं वेचायला बायका-मुलं जात. सफोकमधल्या मेरी हॉटन हिच्यावर त्यावरून दावा झाला आणि 1788 मध्ये न्यायालयाने निर्णय दिला, की सरवा वेचण्याचा हक्क कायद्यात कुणालाच नाही. क्रांतीच्या ऐन भरात, धान्य वाढत असताना, हा निकाल आला.

मग मळणी यंत्र आलं. स्कॉटलंडच्या अँड्र्यू मेइकलने ते 1786 च्या सुमाराला तयार केलं. मळणी हे मजुराचं हिवाळ्यातलं हक्काचं काम होतं. त्यावर घराची चूल पेटायची. ऑगस्ट 1830 मध्ये केंट परगण्यात मजुरांनी पहिलं यंत्र फोडलं आणि बघता बघता दक्षिण इंग्लंड पेटलं. ‘कॅप्टन स्विंग’ या खोट्या नावाने जमीनदारांना धमकीची पत्रं गेली. मागणं काय होतं? जगता येईल एवढी मजुरी. 19 जणांना फाशी झाली आणि सुमारे 500 जणांना ऑस्ट्रेलियाच्या वसाहतींत हद्दपार केलं. टल, टाउनशेंड, बेकवेल यांच्या शेजारी या लोकांनाही एक ओळ मिळायला हवी.

दिवाळी झाली की माझ्या वर्गातली बाकं रिकामी व्हायची. आईबाप ऊसतोडीला निघाले की बरीच मुलं त्यांच्याबरोबर जात. आता फडावर हार्वेस्टर येतोय, सरकार त्याला अनुदान देतंय. मी यंत्राच्या विरोधात नाही. थंडीत पहाटे मोळ्या वाहणाऱ्या, काम बुडू नये म्हणून गर्भपिशवी काढून घेतलेल्या बायका ज्या जिल्ह्यात आहेत, तिथं कोयत्याचे गोडवे कुणी गाऊ नयेत. पण अनुदानाच्या फायलीत मालकाचं नाव, यंत्राची किंमत आणि बँकेचं कर्ज असतं. त्या यंत्राने जितके कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, घरी बसतील, त्यांची नोंद कुठे होते?

ती त्याच फायलीत व्हावी, एवढीच माझी मागणी आहे. कुठल्या गावचे किती कोयते कमी झाले, त्यांना हंगामात दुसरं कोणतं काम दिलं आणि त्यासाठी किती पैसे बाजूला ठेवले, हे लिहिल्याशिवाय अनुदानाचा हप्ता सोडू नये. आणि मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचं काय होणार, तेही लिहावं. कारण फड यंत्राने तोडला तरी जोडप्याच्या नावावरची मागल्या हंगामाची उचल तशीच उभी राहते.