भाकरी गिरणगांवांतून कां गेली ?

धान्य पिकविणें हें शेतकऱ्याचें काम व तें अंगीं लागतें कीं नाहीं हें पाहणें वैद्याचें, अशी वांटणी आमचे पुष्कळ शेतकरी बंधु करतात. ही वांटणी आम्हांस मान्य नाहीं. पेठेंत कोणतें धान्य चढतें व कोणतें पडतें हें खाणाराच्या ताटावर ठरतें, आणि ताट बदललें म्हणजे मागोमाग शेतहि बदलतें. याचा दाखला पाहावयाचा तर मुंबईच्या लालबाग-परळकडे पाहावें.

तेथील कापडाच्या गिरण्या चालूं होत्या त्या काळीं घाटावरचा कामगार ज्वारी-बाजरीची भाकरी मागे व रत्नागिरीकडला भात आणि पेज मागे. बायकामुलें गांवीं ठेवून राहिलेल्या या माणसांना खानावळवाल्या बायांनीं पोसलें. चाळींतल्या लहानशा खोलींत पाळी सुटण्याच्या आंत भाकऱ्यांची चवड उभी करणें हें हलकें काम नव्हे. १९७५ सालीं प्रेमाताई पुरव यांनीं याच बायांसाठीं अन्नपूर्णा महिला मंडळ काढलें. पुढें १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि बहुतेक गिरण्या पूर्वीसारख्या पुन्हा चालल्या नाहींत. खानावळी ओसरल्या, त्यांच्याबरोबर भाकरीहि ओसरली.

परंतु सर्व भार संपावर टाकणें बरोबर नव्हे. भाकरीच्या अंगींच एक अडचण आहे. ज्वारी-बाजरीच्या दाण्याच्या कोंबांत तेल असतें. दाणा अख्खा आहे तोंपर्यंत तें टिकतें. दळलें कीं पीठ थोड्याच दिवसांत खवट होतें, बाजरीचें तर फारच लवकर, आणि शिळ्या पिठाची भाकरी थापतांना फाटते. मैद्यांतून कोंडा व कोंब दोन्हीं काढलेले असतात, म्हणून तो पुष्कळ दिवस राहतो व व्यापाऱ्यास सोयीचा पडतो. दादर स्टेशनाबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनीं विकावयास घेतलेला वडापाव कामगारानें उभ्या उभ्या खाल्ला, यांत त्याला नांव ठेवण्याजोगें कांहीं नाहीं. पाळी गांठावयाची असतां पाटावर बसून जेवण्यास सवड कोठली ? आम्हीहि तो आवडीनें खाल्ला आहे.

मात्र काढून टाकलेल्या कोंड्याबरोबर काय जातें हें पाहिलें पाहिजे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या कोष्टकांप्रमाणें १०० ग्रॅम ज्वारींत १० ग्रॅम व नाचणींत ११ ग्रॅम चोथा असतो. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळांत किंवा मैद्यांत तो ३ ग्रॅमहि भरत नाहीं. नाचणींत कॅल्शियम ३६० मिलिग्रॅमच्या वर, तर पांढऱ्या तांदळांत १० च्या आंत. जावा बेटांत ऐकमन या डच डॉक्टरानें १८९० नंतरच्या वर्षांत पाहिलें कीं, पांढऱ्या तांदळावर ठेविलेल्या कोंबड्या पायांनीं लुळ्या पडतात व कोंडा चारला कीं सुधारतात. माणसांतल्या बेरीबेरीचें मूळ यांतूनच पुढें उलगडलें, व १९२९ सालीं त्याला नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. आमच्या कोंकणांत भात उकडून मग सडण्याची रीत कोणा डॉक्टरास न विचारतां चालत आली. उकडतांना कोंड्यांतलें तें जीवनसत्त्व दाण्यांत मुरतें व सडल्यावरहि बरेंच शिल्लक राहतें.

तथापि भाकरी हें औषध नव्हे, हेंहि येथेंच सांगितलेलें बरें. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत देशांत मधुमेही १० कोटींच्या वर आढळले. त्याच पाहणीवरच्या २०२५ च्या लेखाप्रमाणें आपल्या अन्नांतला ६२ टक्के उष्मांक पिष्टांतून येतो. आणि भात काढून तितकीच भाकरी वाढल्यानें मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसत नाहीं. पिष्टाचा कांहीं वांटा उणा करून तेथें डाळ-दूध आणलें तर दिसतो. तेव्हां चारांच्या दोन भाकऱ्या, व शेजारीं मटकीची घट्ट उसळ, असा अर्थ आम्ही घेतों.

आतां आपल्या दाराशीं येऊं. आम्हीं नोकरींत पीकपाहणीचीं पानें वर्षानुवर्षें लिहिलीं. ज्या गटांपुढें रब्बी ज्वारी लिहावयाची, त्यांपुढें ऊस व सोयाबीन लिहूं लागलों, तें आमच्याच हातानें. भाव जिकडे, शेतकरी तिकडे. याबद्दल तक्रार नाहीं. शिधापत्रिकेवर १ जानेवारी २०२३ पासून गहूं-तांदूळ मोफत मिळूं लागला, तो गरिबास मोठाच आधार. पण विहीर व दहा एकर जमीन असलेल्या घरानें पिकलेली मालदांडी पोत्यानें पेठेंत घालावी आणि चुलीवर रोज पांढरा भात चढवावा, हें आम्हांस मुळींच पटत नाहीं. ज्या घरांत भाकरी थापणारी सून उरली नाहीं, तेथें मुलगा थापील. गिरणगांवांत पुरुषांनींहि भाकऱ्या थापल्या आहेत.

विक्रीविषयीं आमची सूचना अशी कीं, दादर-गिरगांवकडे संघानें पीठ पाठवूं नये. निवडलेली अख्खी ज्वारी ५ किलोच्या पिशवींत, गांवाचें नांव व सुगीचा महिना छापून पाठवावी. पिठाच्या गिरण्या तेथें गल्लोगल्लीं आहेत. गिऱ्हाईक आठवड्यापुरतें दळून घेईल व खवटपणाचा प्रश्न उरणार नाहीं. ज्यांच्या काळ्या रानांत ओल टिकते त्यांनीं येत्या रब्बीस एक एकर यासाठीं राखावा. कडबा गोठ्यांत येईल तो वेगळाच.