विमाने वाहणाऱ्या पाणबुड्या

मनुष्याच्या बुद्धीस असाध्य असे फार थोडे आहे. परंतु ती बुद्धी कोणत्या कार्यी लावावी, हे ठरविणे यंत्र बांधण्याहून कठीण होय. दुसऱ्या महायुद्धातील जपानी पाणबुड्यांचा वृत्तान्त आमच्या विद्यार्थ्यांनी या दृष्टीने अवश्य वाचावा, असे आम्हांस वाटते.

त्या काळी जपानने विमाने वाहून नेणाऱ्या पाणबुड्या बांधल्या. त्यांतील 'आय-४००' वर्गाची पाणबुडी सुमारे १२२ मीटर लांब असे. तिच्या पाठीवर पाणी न शिरणारे प्रचंड नळकांडे असून त्यात पंख दुमडलेली तीन विमाने मावत. पाणबुडी पृष्ठभागावर येताच विमाने बाहेर काढून, पंख उलगडून, ती आकाशात सोडीत. पनामाचा कालवा उद्ध्वस्त करावा, असा बेत होता. अशा १८ पाणबुड्यांचा संकल्प झाला. पुऱ्या झाल्या तीनच. त्यांच्या विमानांनी एकही हल्ला करण्यापूर्वी, ऑगस्ट १९४५ मध्ये, जपानने शरणागती पत्करली. आणि १९४६ साली अमेरिकनांनी त्या तिन्ही समुद्रात बुडविल्या.

कोणी म्हणेल, युद्धात प्रत्येक राष्ट्रास शस्त्रे घडवावीच लागतात. कारागिरांस बोल का लावावा? त्यांचे कौशल्य आम्ही मुळीच नाकारीत नाही. परंतु एवढ्या कौशल्याचे फळ काय, हा प्रश्न उरतोच.

त्याचे उत्तर एका वैमानिकाच्या चरित्रात सापडते. सप्टेंबर १९४२ मध्ये 'आय-२५' या पाणबुडीवरून उडालेल्या लहानशा विमानातून नोबुओ फुजिता यांनी अमेरिकेतील ओरेगनच्या अरण्यात आगलावे बॉम्ब टाकले. रान ओले असल्याने वणवा पसरला नाही. पुढे १९६२ साली जवळच्या ब्रुकिंग्ज गावाने, काही रहिवाशांचा विरोध असताही, त्यांस पाहुणे म्हणून बोलाविले. फुजितांनी आपल्या घराण्याची पुरातन तलवार त्या गावास अर्पण केली. १९८५ साली त्यांच्या निमंत्रणावरून तेथील विद्यार्थी जपान पाहून आले. ज्या अरण्यावर बॉम्ब पडले, त्याच अरण्यात १९९७ च्या त्यांच्या निधनानंतर त्यांची थोडी रक्षा विसर्जित झाली.

बॉम्बने जे साधले नाही, ते त्या तलवारीच्या दानाने साधले. तेव्हा पालकांस आमची विनंती अशी की, मुलाने शास्त्रविषयात उत्तम गुण मिळविले म्हणजे त्याचे कौतुक अवश्य करावे. परंतु या विद्येचा उपयोग तू कोणासाठी करणार, हेही त्यास प्रेमाने विचारावे.