निबंधाची दुरुस्ती

हैदराबादेतील चिक्कडपल्लीच्या मध्यवर्ती ग्रंथालयावर नववीतील एका मराठी मुलीने लिहिलेला निबंध परवा माझ्याकडे तपासणीसाठी आला. घरी मराठी, शेजारी तेलुगू, बाजारात दखनी आणि शाळेत इंग्रजी अशा चार भाषांच्या सहवासात वाढणाऱ्या या मुलीच्या मजकुरात व्याकरणाचे प्रमाद जवळजवळ नव्हते. परंतु प्रत्येक वाक्य चार-पाच शब्दांत आटोपून बहुधा ‘आहे’वर विसावत होते, आणि इमारत, गर्दी व आवाज या तिन्हींना ‘मोठा’ हे एकच विशेषण पुरले होते.

अशा निबंधाची जी दुरुस्ती सामान्यतः केली जाते, तिला माझी सक्त हरकत आहे. ‘नयनरम्य’, ‘विलोभनीय’ अशी पाठ केलेली विशेषणे पेरावयाची, दोन वाक्ये ‘आणि’ने जोडावयाची, व तांबड्या शाईचा शेरा मारून वही परत करावयाची, या दस्तुराने वाक्य लांबते, विचार होता तेथेच राहतो. १८७४ साली सुरू झालेल्या ‘निबंधमाले’तून विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पल्लेदार वाक्याला प्रतिष्ठा मिळवून दिली, परंतु त्या वाक्याचा पल्ला युक्तिवादातून आलेला होता, हे त्यांच्या अनुकरणकर्त्यांपैकी पुष्कळांच्या ध्यानात राहिले नाही.

मुलीने लिहिले होते : ‘तेथे परीक्षेचे विद्यार्थी येतात. आत जागा नसते. ते आवारात बसतात. ते घरी जात नाहीत.’ ते आवारात का बसतात, असे विचारताच तिने जे तोंडी सांगितले, तेच कागदावर उतरविले तेव्हा वाक्य असे झाले : ‘सरकारी नोकरीच्या परीक्षांची तयारी करणाऱ्यांना आत जागा मिळेनाशी झाली, की ते आवारातच पुस्तके उघडून बसतात.’ त्यामागचे ‘ते घरी जात नाहीत’ हे छोटे वाक्य मी मुद्दाम तसेच राहू दिले, कारण दीर्घ वाक्यामागून आल्यामुळे त्याला आता वजन आले होते. आवाज कसला, या प्रश्नाला ‘बसच्या भोंग्यांचा’ असे उत्तर मिळाले. तेव्हा ‘मोठा आवाज’ खोडून भोंगेच लिहिले, विशेषणाची गरजच उरली नाही.

एक विद्यार्थी ‘तसल्लीने’ पाने उलटत होता, असेही तिने लिहिले होते. पुण्याचा परीक्षक कदाचित हा शब्द खोडील. परंतु ज्या नगरात १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने तीन दशके उर्दूतून उच्च शिक्षण दिले, तेथील मराठी घरांत तो परका नाही. मी तो राखला.

या सर्व कामास एक अख्खी संध्याकाळ लागली, आणि चाळीस वह्यांचा ढीग समोर असलेल्या शिक्षकाला एवढी सवड नसते, हे मी जाणतो. म्हणून शाळाचालकांनी सत्रातील निबंधांची संख्या निम्म्यावर आणावी, प्रत्येक निबंध विद्यार्थ्याशी बोलून दुसऱ्यांदा लिहवून घेण्याची तजवीज करावी, आणि गुण द्यावयाचे ते त्या दुसऱ्या लेखनालाच द्यावेत.

— भाषाभ्यासी