बिनतारी जाळे कोणाच्या मालकीचे?

पाणी आणि दिवाबत्तीचा गॅस नागरिकांना पालिकेने पुरवावा की कंपन्यांनी, हा वाद एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात चांगलाच रंगला होता. जोसेफ चेंबरलेन बर्मिंगहॅमचे महापौर असताना तेथील गॅस १८७५ साली आणि पाणी १८७६ साली पालिकेच्या ताब्यात आले. चेंबरलेन हे काही समाजवादी नव्हते. ते स्क्रूच्या धंद्यात पैसा मिळवलेले कारखानदार होते. पुढे अमेरिकेतील मिलवॉकी शहरात समाजवादी महापौर निवडून येऊ लागले, तेव्हा त्यांना पक्षातीलच तात्त्विक मंडळींनी ‘गटारी समाजवादी’ म्हणून हिणवले. क्रांतीऐवजी हे लोक शहरातल्या सांडपाण्याच्या नळांचा अभिमान बाळगतात, असा त्या शब्दाचा रोख होता. मिलवॉकीने १९१० ते १९६० या काळात तीन समाजवादी महापौर निवडले, यावरून त्या नळांची किंमत नागरिकांना कळली होती असे म्हणावयास हरकत नाही.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी हाच वाद बिनतारी इंटरनेटच्या निमित्ताने पुन्हा उपस्थित झाला. फिलाडेल्फिया शहराने २००४ साली सबंध शहरावर बिनतारी इंटरनेटचे छत्र धरण्याची योजना जाहीर केली. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला पेनसिल्व्हेनिया राज्याने कायदा करून, स्थानिक टेलिफोन कंपनीला आधी संधी दिल्याशिवाय पालिकांना अशी सेवा पैसे घेऊन देण्यास मनाई केली. फिलाडेल्फियापुरती वाट मोकळी राहिली, परंतु लहान गावांना ती बंद झाली. स्पर्धेचे गोडवे गाणारी भांडवलशाही, स्पर्धक सार्वजनिक क्षेत्रातील असला की कायद्याच्या आडोशाला कशी जाते, याचा हा उत्तम नमुना होय.

परंतु फिलाडेल्फियाच्या फसगतीचा सगळा दोष कायद्यावर ढकलणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. ‘पालिकेला एक पैसाही खर्च येणार नाही’ या आश्वासनावर जाळे उभारण्याचे काम अर्थलिंक या कंपनीकडे गेले. कंपनी आपल्या पैशाने खांबाखांबावर यंत्रे बसवणार आणि नागरिकांच्या वर्गणीतून ते वसूल करणार, असे गणित होते. जाळ्याचा बहुतेक खर्च आरंभीच होतो. नंतरच्या प्रत्येक ग्राहकामागे फारसे काही लागत नाही. अशा व्यवसायात पुरेसे ग्राहक न मिळाले तर दर कितीही ठेवला तरी तोटाच. घराच्या भिंतींतून लहरी नीट आत येत नसत, म्हणून लोक आपली जुनी जोडणी सोडावयास तयार नव्हते. सहा हजारांच्या आसपास वर्गणीदार मिळाले आणि २००८ च्या मे महिन्यात कंपनीने अंग काढून घेतले. फुकट मिळालेल्या वस्तूवर पालिकेचा हक्क किती असतो, हे त्या दिवशी कळले. २००९ च्या अखेरीस पालिकेने तेच जाळे सुमारे २० लाख डॉलरना विकत घेण्याचे ठरवले, आणि तेही नागरिकांना इंटरनेट विकण्यासाठी नव्हे, तर पोलीस व पालिकेची खाती यांच्या कामासाठी.

येथेच टेक्सासमधील कॉर्पस क्रिस्टी या मेक्सिकोच्या आखातावरील शहराचा अनुभव महत्त्वाचा ठरतो. तेथे पाणी आणि गॅस दोन्ही पालिकाच पुरवते. मीटर पाहावयास गेलेल्या एका कर्मचाऱ्यावर कुत्र्याने हल्ला केला. त्यावरून मीटर दुरूनच वाचता येतील का, असा विचार सुरू झाला आणि त्यातून शहराचे बिनतारी जाळे जन्मले. म्हणजे आधी काम होते, मग यंत्र आले. पालिकेने २००७ साली ते अर्थलिंकला विकून टाकण्याची चूक केली. कंपनीने हा धंदाच सोडला तेव्हा २००८ मध्ये जाळे पुन्हा पालिकेकडे आले. मालक बदलले तरी मीटर वाचण्याचे मूळ काम होतेच. उलट फ्लोरिडातील सेंट क्लाउड या छोट्या शहराने २००६ साली सर्वांना फुकट इंटरनेट देऊन वाहवा मिळवली, पण मंदीत मालमत्ता कराचे उत्पन्न घटताच २००९ साली ते बंद करावे लागले.

मिनिॲपोलिसने मधला मार्ग काढला. जाळे खासगी कंपनीचे, परंतु पालिका तिची पहिली ग्राहक, दहा वर्षे दरसाल किमान साडेबारा लाख डॉलरची. जाळे अर्धवट असतानाच १ ऑगस्ट २००७ रोजी मिसिसिपीवरील पूल कोसळून तेरा माणसे गेली. मोबाईलच्या वाहिन्या लोकांच्या बोलण्याने तुंबल्या असताना मदतपथकांना या जाळ्याचा आधार झाला. मोबाईलवर स्वस्तात इंटरनेट मिळत असताना पालिकेला वेगळे जाळे कशाला, या आजच्या आक्षेपाला यात बरेचसे उत्तर आहे. नागरिकाला चित्रपट पाहण्यासाठी पालिकेच्या जाळ्याची गरज उरलेली नाही, हे मान्य करावे. जलकुंभाची पातळी, पंपाचा दाब, रस्त्यावरचे दिवे, रुग्णवाहिका आणि अग्निशामक बंब यांची गोष्ट वेगळी आहे.

महाराष्ट्रातील नगरपालिकांना हा विचार परका वाटू नये. २००५ च्या जानेवारीत केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा उघड्यावरील वापरासाठीही परवानामुक्त केला. म्हणजे लहरींसाठी कोणाला भाडे द्यावयाचे नाही. जलकुंभ हे बहुधा गावातील उंच बांधकामांपैकी एक असते आणि ते पालिकेच्याच मालकीचे असते. अडचण आहे ती पैशाची. १९९९ साली जकात गेल्यापासून लहान नगरपालिका अनुदानाच्या तोंडाकडे पाहत बसल्या आहेत, आणि अशा वेळी ‘काहीही खर्च नाही’ म्हणणारा कंत्राटदार देवासारखा भासतो. शिवाय अनेक गावांत पाणीपट्टी सरसकट आकारली जाते. जेथे मीटरच नाहीत, तेथे मीटर वाचणारे जाळे कोणी विकू लागला तर त्याला दारातूनच परत पाठवावे. तेथे पहिले काम टाक्यांच्या पातळीचे आणि पंपांचे. रात्री-अपरात्री व्हॉल्व्ह सोडणारा कर्मचारी त्यामुळे नाहीसा होणार नाही, कारण व्हॉल्व्ह बहुतेक ठिकाणी हातानेच फिरतो. मात्र कोणत्या वस्तीला किती वेळ पाणी गेले याची नोंद राहील, आणि ती नोंद पुढाऱ्यांना नेहमीच आवडेल असे नाही.

निविदा निघेल तेव्हा नगरसेवकांनी आणि कार्यकर्त्यांनी तीन प्रश्न विचारून लेखी उत्तर घ्यावे: कंपनी उठून गेली तर खांबांवरील यंत्रे कोणाची, गोळा झालेली माहिती कोणाच्या कपाटात, आणि मीटर वाचणाऱ्यांना दुरुस्तीचे काम शिकवण्याचा खर्च अंदाजपत्रकाच्या कोणत्या शीर्षाखाली धरला आहे?