शिलालेखाबाहेरचे अंबरनाथ

अंबरनाथ म्हटले की महाराष्ट्राला आठवते ते शिवमंदिर. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेले, वालधुनी नदीच्या काठी काळ्या पाषाणात उभारलेले हे भूमिज शैलीचे देवालय कोकणच्या शिल्पकलेचे भूषण आहे, यात शंका नाही. लेखात शिलाहार राजा मुम्मुणी व त्याच्या अमात्यांचा उल्लेख आहे. पाषाण फोडणाऱ्या, वाहणाऱ्या हातांचा नाही. अकराव्या शतकाकडून तशी अपेक्षा करणेही व्यर्थ आहे. परंतु विसाव्या शतकाने तरी वेगळे काय केले?

अंबरनाथ हे औद्योगिक शहर झाले ते योगायोगाने नव्हे. मुंबई जवळ होती आणि कल्याणहून घाटाच्या पायथ्याकडे जाणारा लोहमार्ग १८५६ पासून गावाशेजारून धावत होता. पहिल्या महायुद्धानंतर धरमसी मोरारजी कंपनीने येथे गंधकाम्ल व सुपरफॉस्फेट खताचा कारखाना काढला. १९२२ साली सरकारने परदेशी काडेपेट्यांवरील आयातकर वाढवला, तेव्हा स्वीडिश भांडवलाने तयार माल पाठवण्याऐवजी कारखानेच या देशात आणले. १९२३ साली स्थापन झालेल्या विम्कोचा येथील कारखाना हे त्याचेच फळ. जकातीच्या भिंतीआड नफा परदेशी भांडवलाचा झाला, घाम मात्र येथल्या मजुराचा गाळला गेला. पुढे फाळणीने उजाड झालेली सिंधी कुटुंबे शेजारच्या लष्करी छावणीत आली आणि १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. पन्नाशीच्या दशकात शस्त्रास्त्र कारखाना उभा राहिला, त्यानंतर औद्योगिक वसाहत.

या इतिहासाची स्मारके कोठे आहेत? काडेपेटीचा कारखाना बंद पडला. त्याची आठवण एका नाक्याच्या नावापुरती उरली. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातील ४१ आयुध निर्माण्या सात कंपन्यांत वाटल्या गेल्या. त्याच वर्षी संरक्षण उत्पादनातील संपाला बंदी घालणारा कायदा झाला. ज्या हक्काने कामगाराने आपली पत मिळवली, तोच काढून घेण्यात आला.

आणि नदी? ज्या वालधुनीच्या काठावर मंदिर उभे आहे, तिचे उद्योगांनी व नगरपालिकांनी मिळून गटार केले. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस तिच्यात बेकायदा सोडलेल्या रसायनांच्या वायूने उल्हासनगरच्या शेकडो रहिवाशांना रुग्णालयात नेले. मंदिराला पुरातत्त्व खात्याचे संरक्षण आहे. नदीकाठच्या माणसाला कोणाचे?

आता मंदिर परिसराच्या सुशोभीकरणाची मोठी योजना शासनाने हाती घेतली आहे. तिला विरोध करण्याचे कारण नाही. मात्र घाट बांधण्याआधी पाणी शुद्ध व्हावे, हा साधा क्रम पाळला गेला पाहिजे. त्याचबरोबर बंद कारखान्यांची हजेरीपत्रके, यंत्रे, कामगार संघटनांची दप्तरे भंगारात जाण्याआधी नगरपालिकेने ती जपावीत आणि त्यांचे छोटे का होईना, संग्रहालय उभारावे. अन्यथा हजार वर्षांपूर्वीच्या राजाचे नाव शहराला पाठ असेल आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या कामगाराचे नाव सांगणारा कागदही उरणार नाही. राजेशाहीच्या शिलालेखातील ती उणीव लोकशाहीने गिरवावी, हे शोभत नाही.